पहिल्या अंकाला कुंकू

कापसाचा बोळा निळा झाला तेव्हा रुखमाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. पुसत होत्या त्या कुंकू. बोळा लाल व्हायला हवा होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. कडेला जरा गुलाबी होतं, बाकी निळंच. समोर चौरंगावर पुस्तक पडलं होतं. त्याच्या मुखपृष्ठावर गगनकेतू नावाचा एक धिप्पाड गडी जळत्या पुलावरून उडत होता, आणि त्याच्या पाठीमागे फडफडणाऱ्या निळ्या झग्यावर, मघापर्यंत नव्हती अशी एक पांढरी रेघ वरून खालपर्यंत उमटली होती.

“अरे बाप्पा,” त्या पुटपुटल्या.

आपण कागदाची सालच काढली, असं त्यांना वाटलं. त्या तशाच, कालच्या रांगोळीच्या कडेला, फरशीवर बसल्या.

बाथरूममध्ये पाणी पडत होतं. त्यांचा मुलगा दुर्गेश पाडव्याची आंघोळ करत होता आणि चक्क गुणगुणत होता. सून उन्नती लहानग्या नातीला, मिनलला, घेऊन फराळाची ताटं वाटायला गेली होती, तिथून पुढे मानेवाड्याला माहेरी जाणार होती. बेसा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये या घडीला रुखमाबाई, ते पुस्तक आणि तो निळा बोळा एवढंच होतं. बोळा त्यांनी आधी मुठीत दाबला, मग पदराखाली धरला आणि शेवटी कमरेला खोचून टाकला.

पुस्तक म्हणजे पोथी नव्हे की शाळेचं पुस्तकही नव्हे. चित्रांच्या गोष्टीचं पातळसं हिंदी कॉमिक होतं ते. दुर्गेश लहान असताना काटोलच्या बसस्टँडजवळ असली पुस्तकं आठ आण्यांत दिवसभर भाड्यानं मिळत. पोराच्या हातात ती दिसली की त्याचे वडील, वामनराव, पाठीत एक धपाटा घालायचे आणि पुस्तक चुलीत. आता वामनराव राहिले नव्हते, आणि त्या काळी धपाटे खाल्लेली सगळी पोरं डॉक्टर-इंजिनिअर होऊन आपलं बालपण विकत घ्यायला निघाली होती. दुर्गेशनं हे बरोबर हेरलं. कंपनीतली नोकरी सोडून त्यानं हाच धंदा धरला. रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या भाड्याच्या वाचनालयांतून जुने अंक शोधायचे, मागे पांढरा पुठ्ठा लावून पारदर्शक पाकिटात घालायचे, आणि भाव चढेपर्यंत थांबायचं. शेअरपेक्षा भारी, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. घरातली तिसरी खोली या अंकांची. घरातला एकुलता एक एसीही त्यांचाच. मे महिन्यात माणसं कूलरपुढे घामाघूम बसायची आणि गगनकेतू आपल्या भाऊबंदांसह आत गारेगार पडून असायचा. कूलरच्या दमट हवेनं कागदाला बुरशी धरते म्हणे. माणसांना धरत नाही हे नशीबच म्हणायचं.

आणि हा तर त्या सगळ्यांचा राजा, गगनकेतूचा पहिला अंक. ना घडी, ना डाग, ना कुण्या वाचनालयाचा शिक्का. असा कोरा अंक दुसरीकडे कुठे उरला नसेल, असं दुर्गेशच्या फोनवरच्या त्या कॉमिकवाल्या मंडळींत बोललं जात होतं. धरमपेठेतले दातांचे डॉक्टर, चंद्रभान भोयर, तो न्यायला आज यायचे होते.

अंकांना हात लावायचा नाही, हा या घराचा पहिला नियम. रुखमाबाईंनी तो याआधी एकदाच मोडला होता, तोही चांगल्या मनानं. लुगड्यांच्या पेटीत टाकतात तशा चार डांबरगोळ्या त्यांनी एका खोक्यात टाकल्या. कसर लागू नये एवढाच हेतू. तो वास कागदात असा बसला की घेणाऱ्यानं अख्खं खोकं परत पाठवलं. दुर्गेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कित्येक दिवस आईशी बोललाच नाही, ताटावर बसला की नजर ताटात. मग एके दुपारी तो उन्नतीला सांगताना त्यांनी ऐकलं, “आणखी एक डाव असं झालं ना, तर आईले मायाकडे कोराडीले नेऊन ठेवतो. मले हे टेन्शन नाही झेपत.”

माया त्यांची मुलगी. जावई कोराडीच्या वीज केंद्रात, कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, माणूस देवासारखा. पण जावयाच्या दारात आयुष्य काढायचं, हा विचारच रुखमाबाईंना नकोसा व्हायचा. गावातलं घर विकलेलं, शेत दुसरा करत होता. मुलाच्या घराखेरीज त्यांना आपलं म्हणावं असं दार उरलं नव्हतं. तेव्हापासून त्या या घरात पाहुण्यासारख्या जपून वावरत होत्या. भांडं आपटलं तरी आधी मुलाच्या खोलीकडे पाहायच्या.

आणि एवढं सगळं ठाऊक असून आज सकाळी त्यांनी पाकिटातून पहिला अंक काढला होता.

त्याला कारण काल संध्याकाळचं लक्ष्मीपूजन. चौरंगावर नाणी होती, उन्नतीचे दागिने होते, नवी केरसुणी होती, लाह्या-बत्तासे होते. दुर्गेशनं स्वतः आतून ते पाकीट आणून सगळ्यांच्या मधोमध उभं केलं आणि हसत म्हणाला, “हे खरी लक्ष्मी आपली.” उन्नतीनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, लॅपटॉपलासुद्धा एक टिकली मिळाली. पाकिटाला मात्र तिनं प्लॅस्टिकवरूनच बोट लावलं आणि लगेच रुमालानं पुसून घेतलं. रुखमाबाईंना ते रात्रभर खटकत राहिलं. केरसुणीला कुंकू आणि खऱ्या लक्ष्मीला नाही? बरं, ती आज घर सोडून निघालेली. घरातून साधी शेजारीण उठून निघाली तरी तिला हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी सोडत नाही, आणि ही तर लक्ष्मी. अशीच उपाशी कपाळानं गेली तर पुन्हा या घरात पाऊल कशाला ठेवील? वामनराव गेल्यापासून रुखमाबाई दुसऱ्या बाईच्या कपाळाला बोट लावत नसत. पण देवाला, पुस्तकाला लावायला कोण अडवतं? त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं, आणि परक्या गड्याच्या कपाळाला कसं लावायचं म्हणून त्याच्या झग्यावर एक टिकली लावली. कुंकू पाणी पिऊन पसरायला लागलं. मग ओला बोळा, मग घासणं, मग ती पांढरी रेघ.

पाण्याचा आवाज थांबला.

रुखमाबाई उठल्या. अंक पुठ्ठ्यावर ठेवून पाकिटात सरकवताना घाईत कोपरा दोनदा अडकला. पाकिटातून रेघ आणखीच स्पष्ट दिसत होती, आणि शेजारी पुसट गुलाबी डाग. त्यांनी पाकीट फिरवून पाठ पुढे केली आणि चौरंगावर होतं तसं उभं केलं.

टॉवेलनं डोकं पुसत दुर्गेश बाहेर आला. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस, पण आज त्याच्या चालीत शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराचा उत्साह होता.

“आई, याले कोणी हात तर नाही लावला ना?”

“नाही गा. कोन लावते?”

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्यांना कळलं की आता परतीची वाट बंद झाली. आधी नुसती चूक होती, आता तिच्यावर खोटं चढलं. दुर्गेश पाकीट उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला, उलटून न बघता. बघितलं असतं तर सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. रुखमाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. चकल्यांचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. डोळ्यांपुढे कोराडीचं ते क्वार्टर येत होतं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख, आणि रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना जावयाचं ते भलं हसू. त्या भलेपणाचीच त्यांना धास्ती वाटायची.

सांगून टाकावं, त्यांनी ठरवलं. पाहुण्यासमोर फजिती होण्यापेक्षा आत्ताच. बोलणं बंद करील, करू दे. त्या त्याच्या दारापर्यंत गेल्या. या खोलीचा उंबरठा त्या कधी ओलांडत नसत. बाहेरूनच त्यांनी हाक मारली.

“दुर्गेश, एक सांगायचं होतं गा...”

त्याच वेळी फोन वाजला. दुर्गेशनं हातानंच त्यांना थांबायची खूण केली.

“हो डॉक्टरसाहेब, या ना. घरीच आहे, तुमचीच वाट पाहून राहिलो. अहो, टचअप वगैरे काही नाही. प्रेसमधून निघाला तसाच्या तसा आहे. रंगाले कोणाचं बोट नाही लागलं आजपर्यंत.” फोन ठेवून त्यानं विचारलं, “काय म्हणत होती?”

“काही नाही. फराळाचं बशीत काढू का ताटात?”

“काहीही चालते. फक्त टेबलापासून दूर ठेवजो.”

डॉक्टर भोयर अपेक्षेपेक्षा लवकर आले. उंच, किडकिडीत, बोलायला गोड. आल्या आल्या रुखमाबाईंना वाकून नमस्कार केला आणि “काकू, चकल्या घरच्या दिसतात,” म्हणून एक उचलली. मग हात धुऊन आले, खिशातून पांढरे सुती मोजे काढून चढवले, डोळ्याला लावायचं भिंग काढलं, एक छोटी बॅटरी काढली. पेशंटच्या जबड्यात डोकावायची सगळी तयारी. दुर्गेशनं टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, आतून अंकांचं खोकं आणलं आणि वरचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड झाल्या. पळून जायला दुसरी जागा नव्हती. मुखपृष्ठ वर होताच आता ओरडा होणार, हे ठाऊक असल्यानं त्यांनी डोळे मिटून घेतले. वामनराव असते तर, असं एकदा मनात आलं, पण वामनराव असते तर त्यांनीही पहिल्यांदा बायकोलाच झापलं असतं.

पाकिटाचा करकर आवाज झाला. मग बॅटरीची कळ वाजली.

“दुर्गेशभाऊ,” डॉक्टर म्हणाले, “हे काय आहे?”

ओरडा झाला नाही. रुखमाबाईंनी एक डोळा उघडला.

“हे कुंकू आहे,” डॉक्टर भिंगातून बघतच बोलत होते. “ठीक आहे, कुंकवाचं मी समजू शकतो, काल पूजा होती. पण हे पाहा इथं. इथं घडी पडलेली आहे. तिच्यावर कोणीतरी रंग भरला होता, तो आता ओला होऊन निघून आला. छापलेला रंग पाण्यानं असा निघत नाही, हे तुम्हालेही माहीत आहे अन् मलेही.”

“म्हणजे? मले... मी तर असाच घेतला होता.”

“तुम्ही पाठवलेल्या फोटोत ही रेघ नव्हती.” डॉक्टरांनी भिंग काढलं. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “मी रोज दात पाहतो, भाऊ. मूळचा कोणता अन् भरलेला कोणता, ते मले ओळखू येते. मी आपल्या कॉमिकवाल्यांच्या ग्रुपवर काही लिहायच्या आधी तुम्हालेच विचारून राहिलो. रंग कोणी भरला?”

रुखमाबाईंना हे समजायला वेळ लागला. छापलेला रंग निघत नाही. मग आपल्या बोळ्याला लागला तो गगनकेतूचा नव्हे. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं. आपण काही सोललं नव्हतं, काही बिघडवलं नव्हतं. रेघ आधीपासूनच होती. त्या सुखानं क्षणभर त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

दुर्गेश रागावलेला नव्हता. डांबरगोळीच्या वासानं आईशी अबोला धरणारा माणूस, समोर त्याच्या सगळ्यांत मोलाच्या अंकावर कुंकवाचा डाग पडलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. कुणी केलं, असंही तो विचारत नव्हता. तो त्या पांढऱ्या रेघेकडे बघत होता, ओठ सुकले होते, आणि दोन्ही हातांचे अंगठे मुठीत गेले होते. लहानपणी वामनरावांची सायकल अंगणात वाजली की असेच जायचे. सकाळपासून त्यांच्या स्वतःच्या पोटात जे होतं, तेच आता त्याच्या तोंडावर होतं. रुखमाबाईंना दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. रंग त्यानंच भरला होता.

मघाची भीती गेली त्या जागी दुसरी येऊन बसली, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती. हा डॉक्टर चार लोकांत बोलेल. मग कुणी याच्याकडून कागदाचा कपटा घेणार नाही. नोकरी तर सोडलेली. उन्नती, मिनल, हे घर. पोलीसबिलीस. पुढचं त्यांना सुचेना. सुचायची वाट न बघता त्या दाराआडून बाहेर आल्या.

“डॉक्टरसाहेब, तो रंग मी भरला.”

“काकू, तुम्ही?”

“सकाळी कुंकू लावलं मी याले. लक्ष्मी घरून चालली, म्हटलं खाली कपाळानं नको जायले. ते फैललं, तं पुसाले गेली. पुसता पुसता पान दुमडलं, त्या घडीवर लय घासलं गेलं, पांढरं निघालं. मंग घाबरली मी. नातीच्या स्केचपेननं भरून टाकलं. ते काही जमलं नाही, तं पुन्हा पुसलं.” त्यांनी कमरेचा बोळा काढून पुढे केला. “हे पाहा ना. याले तं माहीतच नाही काही, हा आंघोळीले गेला होता.”

खऱ्याच्या आत खोटं इतकं बेमालूम बसलं की सांगताना त्यांची त्यांनाच भीती वाटली. डॉक्टर बोळ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या थरथरत्या हाताकडे. तो थरथराट काही खोटा नव्हता.

दुर्गेशनं मान वर केली. मायलेकांची नजर एक पळभर मिळाली. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं त्यांना कळलं. आता हा काय करतो? खरं बोलून टाकेल, असं त्यांना एकदा वाटून गेलं. कदाचित त्यांना तसं वाटून घ्यायचं होतं.

“किती डाव सांगितलं तुले!” दुर्गेश केवढ्यांदा तरी ओरडला. “हात नको लावू, हात नको लावू! समजत नाही का तुले? मागच्या डावी डांबरगोळ्या टाकल्या, आता हे! काहून काढलं तू पाकिटातून? कोणी सांगितलं होतं तुले? सत्यानाश केला पार! उद्याच्या उद्या तुले कोराडीले नेऊन टाकतो, बस झालं आता!”

सकाळपासून ज्या ज्या शब्दांना त्या भ्यायल्या होत्या, ते सगळे आले. एकही राहिला नाही. हे सगळं पाहुण्यासाठी आहे, आपणच मागून घेतलं आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी रडू खरंच फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

“अहो दुर्गेशभाऊ! राहू द्या, राहू द्या,” डॉक्टर उठून मध्ये आले. “सणावाराचे दिवस आहेत. म्हातारं माणूस, भाबडेपणानं झालं. माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. शांत व्हा तुम्ही.” ते स्वतःच ओशाळले होते. “खरं म्हणजे चूक माझी. मी भलतीच शंका घेतली तुमच्यावर. माफ करा.”

“नाही हो, तुमचं काय चुकलं,” दुर्गेश कपाळ पुसत म्हणाला. “पण एवढं जपलेलं पाहा ना...”

मग डॉक्टर त्या शंकेची भरपाई करायला लागले. हा अंक राहू द्या, बाकीचे दाखवा म्हणाले. खोक्यातला एक अंक, मग दुसरा, मग आणखी. लाल झगेवाला, हिरव्या मुखवट्याचा, सोनेरी तलवारीचा. भिंग टेबलावर तसंच पडून राहिलं. “तुमच्यासारख्या माणसाचा माल काय तपासायचा,” असं म्हणत त्यांनी निम्मं खोकं बाजूला काढलं. रुखमाबाई प्रत्येक मुखपृष्ठाकडे बघत होत्या. कुठे रेघ आहे आणि कुठे नाही, त्यांना काही दिसत नव्हतं. निघताना डॉक्टर त्यांच्या पुन्हा पाया पडले आणि म्हणाले, “काकू, मनावर घेऊ नका. मुलगा आहे, बोलून जाते.”

दार लागलं. रुखमाबाई स्वयंपाकघरात जाऊन खाली बसल्या. आता हा येईल. पाया पडेल, रडेल, चुकलं म्हणेल. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं. हा धंदा सोड म्हणायचं. गेली तर गेली, पुन्हा नोकरी पाहा. मी काही मायाला सांगत नाही, उन्नतीला सांगत नाही, पण सोड हे.

दुर्गेश आला आणि त्यांच्याजवळ, फरशीवरच, मांडी घालून बसला. कित्येक वर्षांत तो असा बसला नव्हता.

“जेवली का तू?”

“नाही अजून.”

“काय बोलली गं आई तू!” तो एकदम हसला. सुटल्यासारखा, मोकळा. “मले तर काही सुचतच नव्हतं. अन् तू स्केचपेन काढला! डॉक्टर गारच पडला.”

“दुर्गेश, हे असं बरं नाही गा.”

“अरे, सगळेच करतात, आई. गाडीले पोचा आला तर लोक रंग मारत नाहीत का? तसंच आहे हे. कोणाचं काही नुकसान नाही होत.”

“पन त्यानं विचारलं असतं अजून, तं...”

“आता नाही विचारत कोणी.” त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तू आहे ना. अन् ते कोराडीचं मी त्याच्यापुढं बोललो बरं का, मनावर नको घेऊ. तू कुठंच नाही जायचं. इथंच राहायचं, कायमचं. हे तुझंच घर आहे.”

या एका वाक्यासाठी रुखमाबाईंनी इथे आल्यापासून रोज देवापुढे हात जोडले होते. ते आता ऐकू आलं, पण या बोलीवर. धंदा सोड, हे म्हणायचं राहूनच गेलं. त्यांनी मान डोलावली.

“चल, ये इकडे,” म्हणत त्यानं त्यांना हात धरून उठवलं आणि तिसऱ्या खोलीत नेलं. उंबऱ्यापाशी त्यांचं पाऊल सवयीनं अडलं. “ये ना,” तो म्हणाला. आत एसी चालू होता, कागदाचा जुना वास होता. त्यानं त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं, स्वतः टेबलापाशी बसला आणि खोक्यातून एक अंक काढून पाकिटाबाहेर घेतला. लाल झगेवाला कुणी वीर, झग्यावर आडवी पांढरी घडी. खणातून त्यानं रंगीत पेनांचा मोठा डबा काढला. लपवण्याचं आता काही कारण नव्हतं.

“याची कडा दाबून धर जरा. कागद वर येते मधातच.”

“माहे हात ओले आहेत.”

“पुसून घे.” त्यानं आपला रुमाल त्यांच्या मांडीवर टाकला. “परवा अमरावतीचे एक साहेब येऊन राहिले. तेही लय बारीक पाहतात म्हणे. तू बाहेर समोरच बसजो, आत नको जाऊ.”

रुखमाबाईंनी हात पुसले, बोट न बोट कोरडं केलं. मग उजव्या हाताचं बोट कागदाच्या कडेवर ठेवलं. दुर्गेशनं पेनाचं टोपण दातात धरलं आणि घडीवर लाल रंगाचा पहिला ठिपका ठेवला. कडा थरथरली.

“हलू नको वं आई,” तो हळूच, मायेनं म्हणाला.

रुखमाबाईंनी डाव्या हातानं ते बोट दाबून धरलं.